चुकीवाल्यांचे स्वल्पविराम

दूध वर येत होतं, शेंगा अर्ध्याअधिक मोडायच्या राहिल्या होत्या आणि प्रश्न क्रमांक सहा काही केल्या संपत नव्हता.

"पर्याय क," स्वयंपाकघराच्या दाराशी उंच स्टुलावर बसलेल्या चुकीवाल्यांनी वाचायला सुरुवात केली आणि ते थांबले. मग तीन-चार शब्द वाचले. पुन्हा थांबले.

"खडा," गॅस बारीक करत बायको म्हणाली.

"कॉमा आहे तिथे."

"तिथे?"

"आहे म्हटलं ना." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावर काहीतरी टिपलं.

उजाडायच्या आत उठून पाणी भरून झालं होतं, रात्री गुडघ्याने झोपू दिलं नव्हतं, आणि इंग्रजी वाक्यात कॉमा कुठे असावा यावर हुज्जत घालायला तिच्या अंगात आज अवसान नव्हतं. खरं सांगायचं तर बरेच दिवस नव्हतं.

चुकीवाले हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं, आणि त्याला कारण तीच. समोरच्या काकू नव्याने राहायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुमचे मिस्टर काय करतात हो?" फोडणी करपत होती, त्या घाईत ही म्हणून गेली, "चुका करतात." काकू हसल्या, काकूंनी ते खालच्या मजल्यावर सांगितलं, आणि महिन्याभरात टपाल टाकणारासुद्धा विचारायला लागला, "चुकीवाले इथेच राहतात ना?"

पण ती काही खोटं बोलली नव्हती. ते एका कोचिंग क्लाससाठी इंग्रजीचे सराव-पेपर काढत. नोकरीच्या परीक्षांना बसणारी मुलं ते सोडवत. प्रत्येक प्रश्नात एकच वाक्य चार तऱ्हांनी लिहायचं, त्यातलं एक बरोबर आणि तीन चुकीची. बरोबर वाक्य काय, कोणीही लिहील, असं ते म्हणत. चुकीचं वाक्य मात्र असं लिहिता आलं पाहिजे की ते बरोबरच्या मांडीला मांडी लावून बसलं पाहिजे, आणि आपण परके आहोत हे त्याने शेवटपर्यंत कळू देता कामा नये.

आणि ते कळतंय की नाही, हे ठरवायचं काम बायकोच्या कानाकडे होतं. लग्नाला थोडेच दिवस झाले होते, तेव्हा ते कागद घेऊन या दारात आले आणि म्हणाले, "जरा ऐकतेस का?" तिला वाटलं, जरा म्हणजे जरा. बोट दिलं की हात धरतात तशातली गत. त्या "जरा"मध्ये मुलगी जन्मली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि कागद अजून दारातच.

"डोळा लबाड असतो," ते सांगत. "आपण लिहिलेलं त्याला पाठ असतं, तो पुढे पळतो. कान गरीब. त्याच्या पुढ्यात जे पडेल तेच तो खातो."

म्हणून ते मोठ्याने वाचत आणि ती कामं करता करता ऐके. व्याकरणाची नावं तिला नको वाटत. पदवी तिच्याकडेही होती, पण ती वेगळ्या विषयाची, आणि कपाटात जाड चादरींच्या खाली होती. तिने स्वतःचे दोन शब्द ठरवून टाकले होते. वाक्यात तीन-चार गोष्टी ओळीने यायच्या असल्या तर त्या एकाच चालीच्या हव्यात. "मला वाचणं, लिहिणं आणि झोपायला आवडतं" असं कोणी म्हटलं, की मांडणीवर ओळीने पेले पालथे घातलेत आणि एकच उताणा राहिलाय असं तिला वाटे. तिथे ती नुसतं म्हणे, "उताणा." आणि नको तिथे थांबा आला, म्हणजे नको तिथे कॉमा, की घासात खडा यावा तसं होई. मग "खडा."

ती लगेच बोलली, तर चूक फारच उघडी, ती खोडायची. ती बोललीच नाही, तर चूक जमली. आणि शेंग मोडता मोडता तिचा हात मध्येच थांबला, कपाळाला आठी पडली आणि मग ती "उताणा… बहुतेक" असं म्हणाली, की चुकीवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा होई. कोणी सोन्याचं कडं दिलं असतं तरी इतके फुलले नसते.

वाक्यांना लागणारा माल घरातलाच. समोरच्या काकू, त्यांचं मांजर, खालच्यांची सुरू न होणारी स्कूटर, सगळी आळीपाळीने पेपरात जाऊन आली होती. एका वाक्यात मुलगी हुशार होती, प्रेमळ होती आणि तिच्यात आळस होता. ती तेव्हा कॉलेजात होती. पेपर हाती लागल्यावर दोन दिवस बोलली नाही. "बाबा, तुम्ही मला प्रश्न क्रमांक अकरा केलंत," एवढंच म्हणाली. "अगं, तो पर्याय चुकीचा आहे," बाबांनी समजूत काढली. "बरोबर पर्यायात तू आळशी आहेस."

हे सगळं गमतीचंच होतं. पण गंमत रोज सकाळी, न चुकता, वर्षानुवर्षं ऐकायची म्हटली की तिचंही ओझं होतं. एक तरी सकाळ अशी उगवावी, की कुकरची शिट्टी नुसती कुकरची शिट्टी म्हणून ऐकू यावी, असं तिला फार वाटे. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना त्या वाचण्यापलीकडे दुसरा नाद नव्हता. पत्ते नाहीत, कट्टा नाही, फिरायला जाणं नाही.

आणि अलीकडे तर वाचणं फारच रेंगाळायला लागलं होतं. पूर्वी ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत वाचत आणि दूध निवायच्या आत अख्खा पेपर संपे. आता ते स्टूल आणून बसत आणि भाजी शिजली तरी निम्मा पेपर व्हायचा. सगळ्यातच चेंगटपणा शिरला होता. दूध आणायला खाली जायचं जिवावर येतं म्हणून त्यांनी दोरी आणली आणि गॅलरीतून पिशवी सोडायला सुरुवात केली. "नवी सोय," ते ऐटीत म्हणाले होते. पेपर क्लासमध्ये स्वतः नेऊन द्यायचे, ते आता त्या बाजूला कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती धाडत. रात्री एकीऐवजी दोन उशा लागायला लागल्या. "माणूस म्हातारा झाला की राजा होतो," ती एकदा फणकाऱ्याने म्हणाली होती. त्यावर ते हसले. उत्तर दिलं नाही. तेही त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, पण तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं नाही.

"अहो, पुढचं वाचा," ती आता म्हणाली. "माझ्या शेंगा संपतील आणि तुमचा क तसाच राहील."

त्यांनी कागद वर धरला, आणि तेवढ्यात दार वाजलं.

बेल बिघडलेली होती, त्यामुळे येणारा दारच ठोठावी. पण हे ठोठावणं समोरच्या काकूंचं नव्हतं. तिने हात पुसत दार उघडलं. बाहेर क्लासमधल्या मॅडम उभ्या होत्या, पेपरांची छपाई बघणाऱ्या. अंगाने भरलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला. फोनवर त्यांचं बोलणं नेहमी होई, पण त्या स्वतः घरी कधी आल्या नव्हत्या.

"थांबा हं," त्या दारातच कठड्याला धरून म्हणाल्या. "दम घेऊ द्या. लिफ्ट नाही ते माहीत असतं तर मी जन्मात आले नसते."

"या, बसा. पाणी आणते."

मॅडम पंख्याखाली बसल्या, पदराने वारा घेतला, तांब्यातलं निम्मं पाणी प्यायल्या आणि पाहता पाहता सावरल्या. चुकीवाले बाहेर आले आणि त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकले.

"सर, इथून जातच होते म्हणून आले," मॅडम म्हणाल्या. मग स्वतःलाच ते पटलं नाही म्हणून म्हणाल्या, "नाही, मुद्दामच आले. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं."

बायको चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघर ते काय, हाकेच्याही अलीकडे. सगळं ऐकू येत होतं.

"मागच्या तीनही पेपरांवर मुलांच्या तक्रारी आल्यात. तुमच्या पेपरावर, सर. मला आधी पटेचना. मुलं म्हणतात, बरोबर म्हणून दिलेल्या उत्तरातच कॉमा चुकलाय. चारही पर्याय चुकीचे, मग खूण कशावर करायची?"

"छपाईत पडला असेल."

"तुमच्या हाताने लिहिलेले कागद आहेत माझ्याकडे. एक-दोन असते तर मीच काढले असते, तुमच्यापर्यंत आणलंच नसतं." पिशवीतून कागदांची सळसळ आली. "वाचू का?"

मॅडम वाचायला लागल्या. ठणठणीत, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज, आणि जिथे कॉमा दिसेल तिथे इमानदारीने थांबणं.

"द वुमन नेक्स्ट डोअर," मॅडम थांबल्या, "वॉटर्स हर प्लांट्स," थांबल्या, "फीड्स हर कॅट अँड लॉक्स," पुन्हा थांबल्या, "द गेट."

समोरच्या काकूंचंच वाक्य ते. शेजारची बाई झाडांना पाणी घालते, मांजराला खायला देते आणि फाटकाला कुलूप लावते. तिन्ही पेले नीट पालथे, एकही उताणा नाही. पण शेजारची बाई आणि तिचं पाणी घालणं यांच्यामध्ये कॉमा, आणि कुलूप लावणं आणि फाटक यांच्यामध्येही कॉमा. ज्याने जन्मभर हेच पेपर काढले, त्याच्या हातून.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली साखर डब्यावरच राहिली.

कॉमा चूक की बरोबर हे तिच्या मनातही नव्हतं. ते थांबे तिच्या ओळखीचे होते. आवाज परका, पण त्यातलं थांबणं घरचं. हे वाक्य तिने याच ओट्याशी ऐकलं होतं आणि याच ठिकाणी "खडा" म्हटलं होतं. तेव्हाही ते म्हणाले होते, "कॉमा आहे तिथे," आणि पेन्सिल चालवली होती.

मॅडमनी आणखी दोन वाक्यं वाचली. ती कान देऊन ऐकत राहिली. इतक्या वर्षांत तिने कधी इतकं लक्ष देऊन ऐकलं नसेल. प्रत्येक थांब्याला तिला ते दिसत होते: एक हात गुडघ्यावर, नजर खिडकीबाहेर, जणू काही तिथे बघण्यासारखं आहे. आणि मग तोंड किंचित उघडं ठेवून पुढचे तीन-चार शब्द. आधी कागदावर कॉमा नव्हताच. श्वास पुरत नव्हता म्हणून ते थांबत. ती म्हणे, खडा. आणि दम लागला असं म्हणण्यापेक्षा त्यांना कॉमा घालणं सोपं वाटे. मॅडम दारात उभ्या राहून बिनदिक्कत म्हणाल्या, दम घेऊ द्या. एवढं एक वाक्य या माणसाला घरात बोलता आलं नव्हतं.

चहा उतू गेला. तिने उरलेला गाळला आणि बाहेर नेऊन ठेवला.

"सर, राग मानू नका," मॅडम म्हणत होत्या. "वरचे म्हणतात, सरांनी खूप केलं, आता त्यांना विश्रांती द्यावी. नव्या माणसाचा विचार चाललाय. मीच म्हटलं, आधी मला भेटून येऊ दे."

"विश्रांती," चुकीवाले म्हणाले. तो शब्द त्यांनी असा उच्चारला, की त्यांच्या कपाळावर आलेली आठी बायकोला पुसावीशी वाटली.

"मी तुम्हाला दुपारी फोन करते," ती मॅडमना म्हणाली. "कागद राहू देत इथेच."

मॅडमनी दोघांकडे एकदा पाहिलं, चहा घोटभरच प्यायल्या आणि उठल्या. "उतरताना बरं असतं," दाराशी म्हणाल्या. "चढतानाच माणसाची किंमत कळते." त्यांना त्यात दुसरं काही सुचवायचं नव्हतं. त्या गेल्या.

दार लावून ती परत आली तेव्हा चुकीवाले पुन्हा स्टुलावर जाऊन बसले होते, जणू मधल्या वेळात काही घडलंच नव्हतं. प्रश्न क्रमांक सहा त्यांच्या मांडीवर होता.

तिने शेंगांची परात ओढून घेतली आणि त्यांच्यासमोर पाटावर बसली. गुडघा कुरकुरला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दम लागतो ते."

"कोणाला दम लागतो? हवा बघ कशी आहे. कुंद."

"हा झाला अ."

त्यांनी मांडीवरचा कागद सारखा केला. मग म्हणाले, "मध्ये सर्दी झाली होती, ती छातीत बसली असेल."

"ब."

"अगं, वय झालं. तू नाही का गुडघा धरून बसत?"

"क," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढवायलाही ताकद लागते. "तिन्ही चांगले जमलेत. आता बरोबर पर्याय सांगा."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली. खिडकीबाहेर पाहिलं, आणि आपण कुठे बघतोय हे त्यांचं त्यांनाच उमजलं असावं, कारण त्यांनी नजर आत आणली.

"भाजी घेऊन येत होतो," ते म्हणाले. "थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावर पायच उचलेना. बसलो पायरीवर. काकू खाली उतरत होत्या, विचारलं त्यांनी. चपलेचा अंगठा तुटला म्हणून सांगितलं."

"आणि त्यांना खरं वाटलं?"

"सुई-दोरा घेऊन आल्या परत."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच विरलं. थंडी जाऊन किती काळ लोटला होता. तेव्हापासून हा माणूस तिच्यासमोर रोज बसत होता, आणि ती रोज त्याला घाई करत होती.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू हे बंद केलं असतंस." त्यांनी मांडीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"केलंच असतं."

"मग?"

हे बंद व्हावं असं तिला कितीदा वाटलं होतं, आणि का वाटलं होतं, ते सांगण्याची ही वेळ नव्हती. ते सगळं तिने एका शेंगेच्या शिरेबरोबर ओढून काढलं आणि परातीच्या कडेला ठेवलं.

"माझ्यापासून लपवलंत ते एक झालं," ती म्हणाली. "पण तुम्ही खडे घालून बरोबर उत्तर दिलंत. तुम्ही. मुलांच्या ताटात."

यावर मात्र त्यांची मान खाली गेली. बायकोला फसवल्याचं त्यांना वाईट वाटलंच असेल, पण मान गेली ती यावर, हे तिने बरोबर ओळखलं.

"पहिल्यांदा टिपला तेव्हा वाटलं, नंतर खोडू," ते म्हणाले. मधे थांबले. तिने "खडा" म्हटलं नाही. थांबून राहिली. "मग कुठला मुळातला आणि कुठला मी घातलेला, तेच कळेना. वाचताना तिथे थांबायचीच सवय झाली. कानाला तो बरोबर वाटायला लागला."

ती उठली. आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि संध्याकाळची वेळ घेतली. त्यांनी "आजच कशाला" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तिने नुसतं पाहिलं, तोंड मिटलं. "खालपर्यंत प्रत्येक मजल्यावर थांबत जाऊ," ती म्हणाली. "माझा गुडघा आहेच. कोणी विचारलं तर त्याचं नाव सांगा." दुपारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून मॅडमनाही लगेच फोन केला.

"सरांना बरं नाहीये," तिने सांगितलं. पाठीमागे स्टूल करकरलं. "हो, ते कॉमे त्यामुळेच. तीनही पेपर तपासून देतील, पण लगेच होणार नाही. वरच्यांना सांगा."

"अहो, मग मघाशी बोलायचं ना," मॅडम म्हणाल्या. रस्त्यावरचे आवाज येत होते, त्या अजून वाटेतच असाव्यात. "मी सांगून बघते. शब्द देत नाही हं. नवा माणूस ठरल्यातच जमा आहे."

"बघा," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा घरात कोणीच काही वाचत नव्हतं. कुकरला वाफ धरली, शिट्टी झाली, नुसती कुकरची शिट्टी. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती सकाळ ही असेल, तर तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. सकाळचं पाणी, गुडघा, संध्याकाळचे जिने, मुलीला फोन करून काय आणि किती सांगायचं, सगळं एकाच वेळी अंगावर आलं, आणि ती परातीसमोर टेकली, पण हात शेंगेकडे जाईना.

चुकीवाले स्टुलावरून उतरले. सावकाश, भिंतीला हात लावून. आज पहिल्यांदाच तो हात लपवला नाही. त्यांनी दुसरा पाट ओढला आणि ते तिच्याशेजारी बसले. बसल्यावर आधी श्वास जागेवर येऊ दिला. मग मॅडमनी ठेवलेले कागद तिच्या मांडीवर ठेवले आणि शेंगांची परात स्वतःकडे ओढून घेतली.

"मला एवढं करू दे," ते म्हणाले. "उद्यापासून तू वाच, मी शेंगा मोडतो."